धुऱ्यावर दोघांपुरतीच जागा

३० जुलै २०२३, रविवार. रक्कम प्रत्येकी अकरा हजार रुपये, रोख. देणारे माझे सासरे. हजर होते ते असे: सासरे, सासूबाई, माझी बायको, तिची धाकटी बहीण, त्या बहिणीचा नवरा म्हणजे माझा साडू, आणि मी. ठिकाण अमडापूरच्या घराची ओसरी.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण देतात, तसं आम्हा दोघांना बोलावलं होतं. पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारशांचं ताट झालं, वर तुपाचा दिवा झाला. कपडे किंवा चांदीची वाटी असं काही निघेल असं मला वाटत होतं. निघाली दोन पाकिटं.

"दोघंही सायकलीवर येता," सासरे म्हणाले, "तर सायकलीचंच काही घ्या. पन जे घ्यान ते मले आनून दाखवा. पैसे घरखर्चात जिरले नाही पाह्यजेत."

"लोक जवायाले आंगठी देते," सासूबाई म्हणाल्या, "अन् हे पंक्चरचे पैसे देऊन राह्यले."

सगळे हसले. मीही हसलो. पाकीट आधी माझ्या हातात दिलं, मग साडूच्या, हे मी नीट पाहून ठेवलं. मी थोरला जावई आहे, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. पण त्या दिवसांत मला असल्या गोष्टी पाहून ठेवाव्या लागत होत्या. का, ते सांगतो.

मी चिखलीला एका अडत दुकानात हिशेब लिहितो. वय एकावन्न. लग्न झाल्यापासून माझा रविवारचा नेम एकच. सकाळी सायकल काढायची, अमडापूरला जायचं, सासऱ्यांबरोबर शेतात फेरी मारायची आणि दुपारच्या जेवणाआधी घरी परतायचं. बायको म्हणते, माहेर माझं आणि जाता तुम्ही. सासरे चार एकरांत भाजीपाला घेतात. वांगी, मिरची, कोबी, कडेला दोडक्याचे मांडव. ते स्वतः शाळेत फार गेले नाहीत. फेरी मारताना ते मला विचारतात, "काय वाटते, जवाईबुवा? औंदा मिरची वाढवू का?" मी दुकानात आलेल्या मालाचे भाव सांगतो, मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे सांगतो. ते ऐकतात. पुष्कळदा त्याप्रमाणे करतातही. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात कधी काही विचारलं नाही. माझी नोकरी त्यांनी ठरवली आणि माझ्या लग्नाची तारीखही त्यांनीच ठरवली. म्हणून "काय वाटते" हे दोन शब्द ऐकायला मी वीस-बावीस किलोमीटर सायकल मारत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या शेतात जायला एकच धुरा आहे. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढाच तो रुंद आहे. तिसरा असेल तर त्याने मागे चालायचं. वर्षानुवर्षं तिसरा नव्हताच.

मग साडूची बदली चिखलीला झाली. तो ठिबकच्या कंपनीत आहे, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, मूळचा दुसरबीडचा. दुसरबीडकडची बोली जालन्याच्या अंगाने जाते. आम्ही 'मले, तुले' म्हणतो तिथे तो 'मला, तुला' म्हणतो. त्यामुळे सासऱ्यांना तो माझ्याहून जास्त शिकलेला वाटत असावा अशी मला शंका आहे. प्रत्यक्षात आम्ही दोघंही बी.कॉम. आहोत, आणि माझे टक्के जास्त आहेत.

त्याने गिअरची सायकल घेतली आणि तोही रविवारी अमडापूरला यायला लागला. पहिले दोन-तीन रविवार आम्ही सोबत निघालो. पण चढ लागला की तो पुढे निघून जायचा. मी पोचेपर्यंत त्याचा चहा झालेला असायचा, आणि एकदा तर पाहतो तो दोघं शेताकडे निघालेले. मी सायकल भिंतीला लावून मागून धावत गेलो. धुऱ्यावर ते दोघं शेजारी शेजारी आणि मी मागे. सासरे काहीतरी विचारत होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि वाऱ्यावर अर्धेमुर्धे शब्द येत होते. "...इकून दोन नळ्या टाकल्या तर..." असं काहीतरी. पाण्याबद्दल विचारत होते. पाण्यातलं मला काही कळत नाही हे खरं आहे. पण म्हणून मला बरं वाटलं असं नाही.

तर धोंड्याच्या जेवणानंतर आठवडाभरात साडू संभाजीनगरला जाऊन आला आणि पुढच्या रविवारी नवे पायडल आणि नवे बूट घालून हजर झाला. बुटाच्या तळव्यात लोखंडाचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. पायडलवर पाऊल दाबलं की तो तुकडा खट्‌ आवाज करून पायडलात अडकतो आणि पाय सायकलीला जोडला जातो. सोडवायचा असेल तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची.

"भाऊ, फरक सांगू?" तो मला म्हणाला. "आपण नुसतं पायडल खाली दाबतो. ह्याच्यात वर ओढायलापण जोर लागतो. चढाला समजतं."

"पन एकदम थांबा लागलं तर?"

"सवय होते हो. दोन-चार वेळा पडतो माणूस, मग होते."

त्या दिवशी बसने आलेली मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी गच्चीवर प्रॅक्टिस केली. भिंतीले धरून खटखट, खटखट. खालचे भाडेकरू वर आले, म्हने सुतार लावला का?"

साडेअकरा हजार गेले होते. पाचशे त्याने पदरचे घातले. सासऱ्यांनी बूट हातात घेऊन उलटा करून पाहिला, तो लोखंडी तुकडा नखाने वाजवला आणि म्हणाले, "बैलाले नाल मारते तसंच झालं की!" त्यावर ते इतका वेळ हसले की मला चहा सांडल्यासारखं करून आत जावं लागलं.

माझ्या सायकलीला तेव्हा प्लास्टिकचे साधे पायडल होते आणि पायात चप्पल. पावसात चप्पल पायडलवरून घसरायची. म्हणजे मलाही घ्यायचंच होतं. प्रश्न एवढाच होता की काय.

मी तीन आठवडे विचार केला. रस्त्यावर मी साडूला गाठू शकत नाही, हे मी मान्य केलं. वय, वजन आणि सायकल, तिन्ही त्याच्या बाजूने. खटक्याचे पायडल मीही घेतले तरी तो पुढेच राहणार. मग मी कुठे पुढे राहू शकतो? चालण्यात. धुऱ्याची जागा शेवटी चालणाऱ्याचीच. त्याचे बूट सायकलीसाठी केलेले, तळवा फळीसारखा कडक, खाली लोखंड. ओसरीच्या फरशीवर तो चालायचा तेव्हा खट्‌खट्‌ वाजायचं आणि तो थोडा टाचेवर झुकून चालायचा, नवरदेव नव्या जोड्यात चालतो तसा. काळ्या मातीत त्या तुकड्याभोवती चिखल बसला की तो किती चालणार? म्हणून मी ठरवलं की आपण दोन्हीकडे चालेल असं घ्यायचं, पण झुकतं माप चालण्याला द्यायचं.

पायडल लवकर ठरले. धातूचे, रुंद, दोन्ही बाजूंना बारीक दात असलेले. कोणताही बूट त्यावर घट्ट बसतो आणि पाय केव्हाही उचलता येतो. चिखलीच्या दुकानदाराने सोळाशे पन्नास सांगितले आणि तेवढेच घेतले. बसवताना त्याने डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मला दाखवलं. ते मला माहीत होतं. पण त्या पायडलचे दात पहिल्याच दिवशी माझी नडगी सोलतील, हे मला माहीत नव्हतं.

बुटांना वेळ लागला. तळवा फार मऊ असला तर पायडलवर पाऊल वाकतं आणि तासाभराने तळपाय दुखतो. फार कडक असला तर चालता येत नाही. मला मधला हवा होता. मी चिखलीतली दुकानं पालथी घातली, एकदा कामासाठी मेहकरला गेलो तर तिथलीही दोन पाहिली. प्रत्येक बूट दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबून वाकवून पाहायचो. मेहकरचा दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, बूट घ्याले आले का भाकर थापाले?"

बायको त्या वेळी सोबत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढा इचार मले पाहाले आलते तवा केला होता का तुमी?"

"तवा माह्या बापानं केला होता," मी म्हणालो.

शेवटी बत्तीसशेचे घेतले. तळव्यावर आडव्या खाचा, पुढून बोटं झाकणारी रबराची पट्टी, लेस लांब. लेस साखळीत अडकू नये म्हणून दोनदा गाठ मारून आत खोचायची, असं मी स्वतःशी ठरवलं. पायडल आणि बूट मिळून चार हजार आठशे पन्नास. वाणाच्या पाकिटात सहा हजार एकशे पन्नास उरले. ते मी तसेच पाकिटात ठेवून पाकीट कपाटात ठेवलं, कारण सायकलीशिवाय ते खर्चायचे नाहीत अशी सासऱ्यांची अट होती.

ऑगस्ट त्या वर्षी कोरडा गेला होता. ज्या रविवारी मी नवे बूट घालून निघालो तेव्हा रस्ता कोरडा आणि धुराही कोरडा. पायडलवर पाय छान बसला. मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो. साडू तरीही आधी आलेला होता, पण चहा व्हायचा होता. सासऱ्यांनी माझे बूट पाहिले. उलटे केले नाहीत.

"चांगले हायेत," ते म्हणाले. "मजबूत दिसते."

"चालाले बरे," मी म्हणालो.

"हाव, चालाले बरे."

तिघं शेताकडे निघालो. ह्या वेळी मी आधीच सासऱ्यांच्या उजव्या हाताला होतो. साडू मागे. त्याच्या पावलांचा आवाज मागून येत होता आणि तो मला बरा वाटत होता. सासऱ्यांनी कोबीबद्दल विचारलं. मी भाव सांगायला सुरुवात केली.

आता त्यांच्या घरचा एक नियम सांगायला हवा. उभ्या भाजीत कोणी पायात घालून जात नाही. धुऱ्यावरून वाफ्यात उतरायचं तर चप्पल धुऱ्यावर काढायची. सासूबाईसुद्धा, मजूरसुद्धा. देवधर्म म्हणून की रोपं मोडू नयेत म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं सासरे चप्पल काढायचे, त्यांच्या चपलेशेजारी मी माझी काढायचो आणि आम्ही उतरायचो. त्याला एक क्षणही लागत नसे. म्हणूनच ते माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तळवा वाकवून पाहिला, खाचा पाहिल्या, पाणी शिरतं का ते पाहिलं. काढायला किती वेळ लागतो ते पाहिलं नाही.

कोबीच्या वाफ्याशी सासरे थांबले, बोलता बोलता चप्पल काढली आणि आत उतरले. मी खाली बसलो. आत खोचलेली लेस बाहेर काढली. गाठीवर गाठ, सकाळच्या घामाने आवळलेली. साडू मागून आला. त्याच्या बुटाला लेस नव्हतीच. एक गोल बटन होतं, ते ओढलं की बूट आवळणारी तार सैल होते. त्याने वाकून एक ओढलं, दुसरं ओढलं, बूट काढले, मोजे बुटात टाकले आणि माझ्या बाजूने वाफ्यात उतरला.

"या भाऊ सावकाश," तो म्हणाला.

त्याने ते सरळ मनाने म्हटलं होतं. तेच जास्त लागलं.

माझा एक बूट निघाला तेव्हा ते दोघं कोबीच्या मधोमध होते. सासरे खाली वाकून एक पान उलटं करून त्याला दाखवत होते. दुसरा निघाला तेव्हा ते पलीकडच्या धुऱ्यावर चढत होते. मी एका हातात मोजे घेऊन उभा राहिलो. माझं कोबीच्या भावाचं वाक्य अर्धंच राहिलं होतं आणि ते कोणी पूर्ण विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दाखवले का बाबाले?"

"दाखवले."

"मंग?"

"मजबूत दिसते म्हने."

ती एवढंच म्हणाली, "तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं, ते मले कळते." आणि वाढायला घेतलं.

सप्टेंबरात पाऊस आला. चांगला आला. एका रविवारी आम्ही दोघं अमडापूरला पोचलो तेव्हा धुऱ्यावर चिखल होता, पावलागणिक वर येणारा. मी तोवर शहाणा होऊन घरासमोरच लेस सैल करून ठेवत होतो. तरी पुढे ते दोघंच होते, कारण सासरे साडूशी नव्या मोटारीबद्दल बोलत होते आणि बोलत बोलतच निघाले. त्या दिवशी मी मागून चालताना फक्त साडूच्या बुटांकडे पाहत होतो. प्रत्येक पावलाला त्या लोखंडी तुकड्याभोवती मातीचा थर चढत होता. मी मनात म्हणत होतो, आता बघू खटका.

निघताना त्याने पायडलवर पाऊल दाबलं. खटका लागेना.

"माती हाय आत," मी म्हणालो. "काडीनं काढा."

त्याने तुऱ्हाटीच्या काडीने माती काढली, बूट गवतावर घासले, पुन्हा दाबलं. खट्‌ झालं. आम्ही निघालो. अमडापूरच्या स्टँडजवळ एक बस वळत होती. मी ब्रेक मारून पाय खाली टेकला. त्यानेही ब्रेक मारला. त्याने टाच बाहेर वळवली. मी त्याच्या मागेच होतो, मला ती वळताना दिसली. पण पाय सुटला नाही. आत कुठे खडा राहिला असेल. तो सायकलीसकट उजव्या अंगाला गेला, अगदी सावकाश, आणि खाली येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. चहाच्या टपरीवरचे लोक आधी हसले. कोणीतरी म्हणालं, "अबे, त्याचा पाय तं बांधेल हाय सायकलले!" मग तो मनगट धरून उठेना, तेव्हा धावले.

मीच बूट सोडला. ते बटन मी पहिल्यांदाच ओढत होतो. खरंच एका ओढीत सुटतं. रिक्षा करून चिखलीला आणलं. मनगटाच्या हाडाला तडा होता. सहा आठवडे प्लास्टर.

मला वाईट वाटलं का? मनगटाचं वाटलं. तो रिक्षात दात आवळून बसला होता आणि तरी मला म्हणत होता, "भाऊ, तुमची सायकल तिथंच राहिली ना?" त्याचं वाटलं. पण पुढचे सहा रविवार धुऱ्यावर कोण असणार, हा हिशेब रिक्षा चिखलीत शिरायच्या आत माझ्या डोक्यात झालेला होता.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. आम्ही दोघं शेजारी शेजारी चाललो. सासऱ्यांनी पहिलं विचारलं ते हे, "हात कसा हाय त्याईचा?"

मी सांगितलं.

"जेवते का डाव्या हातानं?"

"जेवते."

"तिले म्हना शिरा करून देत जाय म्हना."

मोटारीजवळ थांबून म्हणाले, "हे ते आले म्हंजे पाहू." मिरचीत उतरल्यावर म्हणाले, "मोठं हासरं हाय पोरगं." त्या तासाभरात त्यांनी मला एकदाही काय वाटते असं विचारलं नाही. जागा माझ्याकडे होती आणि माणूस तिकडे होता. मागून चालताना निदान पाठी दिसत होत्या. आता शेजारून मला त्यांच्या कपाळावरची काळजी दिसत होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. माझी नडगी सोलली होती तेव्हा त्यांनी हळद लाव म्हणून सांगितलं होतं, एकदाच.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी वांग्याच्या वाफ्याशी ते थांबले. चप्पल काढली नाही.

"काय वाटते, जवाईबुवा?" ते म्हणाले.

मी सरळ उभा राहिलो. वांग्याचे मागच्या तीन आठवड्यांचे भाव माझ्या तोंडात तयार होते.

"ते पायडल," सासरे म्हणाले. "त्याईले पुन्हा तेच लावाचे म्हनते. मले भेव वाटते. तुमी आकडेवाले मानूस. असे पायडल पाहा की सायकल तशीच पळन, अन् पडनार नाही. बूटही चालले पाह्यजे, चप्पलही चालली पाह्यजे. तुमच्याशिवाय मी कोनाले सांगू?"

वांग्याचे भाव मी गिळले.

"पाहातो," मी म्हणालो.

ह्याबद्दल मी परतीच्या वाटेवर फार विचार केला. सगळ्यात सोपं उत्तर माझ्याच सायकलीला लागलेलं होतं. दातवाले रुंद पायडल, खटका नाही, धोका नाही. ते सुचवलं असतं तर सासरे लगेच हो म्हणाले असते, साडूचा चढावरचा जोर गेला असता, आणि कोणी मला नावं ठेवली नसती. पण मला विचारलं होतं ते 'सायकल तशीच पळन' असं धरून. चुकीची बेरीज मला मुद्दाम करता येत नाही. हा गुण आहे की खोड, मला माहीत नाही. दुकानातही त्यामुळे मला फायदा कमी आणि त्रास जास्त झाला आहे.

मी आठवडाभर शोधलं. एका बाजूला खटका आणि दुसऱ्या बाजूला सपाट, असे पायडल मिळतात. खटक्याच्या बाजूने त्याचे बूट, सपाट बाजूने चप्पल. आतली स्प्रिंग छोट्या स्क्रूने सैल करता येते, म्हणजे पाय थोडा जोर लावला तरी सुटतो. शिवाय असा क्लीट मिळतो की टाच फक्त बाहेर नाही, आत किंवा वर झटकली तरी सुटतो. घाबरलेला माणूस पाय कुठेही झटकतो, बाहेरच वळवेल असं नाही, म्हणून हा मला महत्त्वाचा वाटला. चिखलीच्या दुकानदाराने ते मागवून दिले. पायडल सव्वीसशे, क्लीट सातशे. एकूण तीन हजार तीनशे.

ही रक्कम सासऱ्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मीच देतो. माह्याच वाणापायी पडला तो."

आणि इथे मला जे झालं ते मी बायकोलाही धड सांगू शकलो नाही. ते तीन हजार तीनशे सासऱ्यांनी दिले, तर साडूला त्यांच्याकडून चौदा हजार तीनशे झाले आणि मला अकरा. थोरला मी. धोंड्याचं वाण दोघांना सारखं, हे त्या दिवशी ओसरीवर सगळ्यांसमोर झालं होतं. मी कितीही फिरवून पाहिलं तरी हा फरक मला सोसवेना. वाणाचं पाकीट कपाटात होतं, पण त्यातून देणं म्हणजे पुन्हा सासऱ्यांचेच पैसे साडूला देणं. तेही नको. मी दसऱ्याआधीच्या पगारातून काढले.

"तुमी काऊन देता?" बायको म्हणाली. "बाबा देऊन राह्यले ना?"

"असू दे."

ती हिशेब लिहीत नाही, पण तिला येतो. "बाबानं त्याईले जास्त देऊ नये म्हनून?" ती म्हणाली.

मी नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.

"ना बाप्पा," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन आत जाऊन हसली. मला ऐकू येत होतं.

बाहेर मात्र वेगळंच झालं. मेहुणीने फोन करून रडत रडत म्हटलं, भाऊजी, सख्खा भाऊही एवढं करत नाही. सासूबाईंनी शेजारच्या दोन बायकांना बोलावून सांगितलं. साडूचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्या रविवारी तो नव्या पायडलवर आला. सपाट बाजू वर, पायात चप्पल, हात अजून जपून. त्याने पैसे काढले. मी घेतले नाहीत. धुऱ्याच्या तोंडाशी सासऱ्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. मी म्हणालो, "झाले ते."

"मोठ्या मनाचे हा तुमी," सासरे म्हणाले. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि मला घेऊन चालू लागले. साडू आपोआप मागे आला.

मी त्यांना सांगायला हवं होतं की तसं काही नाही. पण धुरा अरुंद होता आणि त्यांचा हात माझ्या दंडावर होता. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मान मागे वळवून म्हटलं, "हळू या हो, हात सांभाळा." मग मला विचारलं, "काय वाटते, वांग्याचं काय करू?" मी भाव सांगितले. सांगता सांगता मी कान मागे ठेवले होते, तो किती जवळ आला आहे ते पाहायला. अजूनही रविवारी ठेवतो.

हिशेब असा. सासऱ्यांकडून दोन्ही जावयांना, प्रत्येकी अकरा हजार, त्यापुढे काही नाही. पायडल आणि क्लीट, तीन हजार तीनशे, माझ्या पगारातून, चिखलीच्या सायकल दुकानदाराला रोख दिले. बसवायचे पन्नास त्याने वेगळे मागितले. तेही दिले.